वॉटर बॉडी गळते तेव्हा

ऐन नांगरटीत ट्रॅक्टर तापायला लागला की पहिला संशय वॉटर बॉडीवर, म्हणजे वॉटर पंपावर जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. मग पंप बदलतात, आणि दोन हंगाम होत नाहीत तोच नवाही गळायला लागतो. ‘माल डुप्लिकेट निघाला’ असं म्हणून विषय तिथेच संपतो. डुप्लिकेट माल असतोच, नाही असं नाही. पण काढलेला जुना पंप भंगारात टाकण्याआधी नीट बघा. तो कशाने गेला हे बहुतेक वेळा त्याच्याकडे पाहूनच कळतं, आणि ते कारण तसंच ठेवलं तर नवा पंपही त्याच वाटेने जाणार.

हा पंप किती काम करतो याचा हिशेब करून बघू. डिझेल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश कामाला येते, जवळपास तेवढीच धुरासोबत जाते आणि उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. ३५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीने चालतं तेव्हा पाण्यात ढोबळमानाने २० किलोवॅट उष्णता येते. घरातले २ किलोवॅटचे १० गीझर एकदम चालू करावेत तशी. रेडिएटरमधून जाताना पाणी ७ अंशांनी थंड होतं असं धरलं, तर एवढी उष्णता बाहेर टाकायला मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी फिरावं लागतं. इंजिन आणि रेडिएटर मिळून पाणी दहा-बारा लिटर. म्हणजे तेच पाणी मिनिटाला तीन-चार फेऱ्या मारतं.

पंपाशिवायही ट्रॅक्टर चालत असत. फोर्डसनचं मॉडेल एफ, जॉन डीअरचे सुरुवातीचे मॉडेल ए आणि बी यांत पाणी आपोआप फिरायचं. २० अंशांना एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम भरतं, ९० अंशांना ९६५. गरम पाणी हलकं म्हणून वर रेडिएटरकडे जातं, थंड जड पाणी खालून इंजिनात येतं. पण हा फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. त्या जोरावर पाणी संथच फिरतं, आणि इंजिनं ताकदवान झाली तसं ते पुरेनासं झालं.

आपल्या पंपात शाफ्टच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला पात्यांची चकती असते. ती फिरली की पाणी मधून कडेला फेकलं जातं. हा पंप पाणी कोंडून ढकलत नाही, नुसतं भिरकावतो. त्यामुळे पाती गंजून आखूड झाली किंवा मागच्या भिंतीपासूनचं अंतर वाढलं, की चकती फिरते पण पाणी पुढे सरकत नाही. बाहेरून एक थेंबही गळत नसताना ट्रॅक्टर तापतो, तो असा.

मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती सील. फिरणारा शाफ्ट आणि आतलं पाणी यांच्यामध्ये दोन गुळगुळीत कड्या एकमेकींवर घासत असतात, बहुतेकदा एक कार्बनची आणि दुसरी सिरॅमिकची. त्यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्यांचं वंगण. रेडिएटर रिकामा ठेवून इंजिन थोडा वेळ जरी चालवलं तरी कड्या कोरड्या घासून ओरखडतात. सीलमधून जी किंचित ओल निघते, ती शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून पंपाच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडायला लागले की सील गेलं. ते भोक एम-सील लावून बुजवलेले पंप पाहिले की जीव हळहळतो. पाणी थांबत नाही, ते बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढतं. मग शाफ्ट हलतो, आणि अती झालं तर पंखा जाऊन रेडिएटरच्या जाळीत घुसतो.

भोकाखाली पांढरट ओघळ वाळलेला दिसला तर ते क्षार आहेत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं आणि न विरघळणारं कार्बोनेट तयार होतं. ते बसतं सगळ्यात गरम जागी, हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लायनरभोवती. हा थर बिडापेक्षा वीसपटीहून वाईट उष्णतावाहक असतो. त्याचे सुटलेले कण कड्यांमध्ये शिरून सील खातात. सील गळलं की रोज सकाळी बादलीभर बोअरचं पाणी ओतायचं, म्हणजे रोज नवे क्षार आत. हे चक्र तोडायचं तर पाणीच बदलावं लागतं. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव, आणि डिस्टिल्ड वॉटर घाला. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, पण कूलंटमधली गंजरोधकं हवीतच. मात्र काढलेलं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, जनावरं ते चाटतात.

सील शाबूत आणि बेअरिंग ढिलं असेल तर पंप फिरवणाऱ्या बेल्टकडे बघा. पंखा दोन्ही टोकांना धरून पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलं. अशा वेळी बेल्ट फार ताणलेला असतो किंवा पंख्याचं एखादं पातं वाकलेलं असतं. जुन्या ट्रॅक्टरमध्ये पंखा पंपाच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे त्याची थरथर थेट बेअरिंगवर येते.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण ते गार इंजिनावरच करावं. इंजिनाच्या ब्लॉकचा पाणी सोडायचा कॉकही उघडा, नुसता रेडिएटर रिकामा करून भागत नाही. बोल्ट लांबीने वेगवेगळे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून पात्यांची खोली आणि पुलीचा व्यास ताडून पाहा, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे पंप दिसायला सारखे असतात. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू देऊ नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.

याच वेळी मिस्त्री ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील’ म्हणाला तर ऐकू नका. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ८० अंशांच्या आसपास वितळून झडप उघडतं. तो नसला तर इंजिन हलक्या कामात गारच राहतं, जळलेल्या डिझेलची आम्लं लायनरवर साचतात आणि लायनर लवकर झिजतो. रेडिएटरचं झाकणही तपासा. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर पाणी ९८ अंशांनाच उकळतं. अर्धा बार दाब धरणारं झाकण तोच आकडा ११० च्या आसपास नेतं. झाकण दाब धरत नसेल तर पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात, पुढे फुटतात आणि पात्यांवर खड्डे पाडतात.

शेवटी पाणी हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा. रेडिएटरकडे जाणारा वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, अडकलेली हवा बुडबुडत निघते आणि पातळी खाली जाते. तेवढी भर घाला, झाकण लावा. नवा बेल्ट असेल तर पहिल्या दिवसाच्या कामानंतर तो सैल पडतो. पुलींमधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबून दहा-पंधरा मिलिमीटर दबेल एवढाच पुन्हा ताणा.