देवराष्ट्रे येथील यशवंतरावांच्या जन्मघरी शाळेची सहल : परवानगी आणि कागदपत्रं

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. हे त्यांचं आजोळ. तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीच्या कडेगाव तालुक्यात येतं. त्यांचं जन्मघर राज्य संरक्षित स्मारक म्हणून जपलेलं आहे. घरची मंडळी घेऊन जाणार असाल तर कसलाही अर्ज लागत नाही. घर उघडं असण्याची वेळ गावात फोन करून विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा होणार नाही. शाळेची सहल न्यायची असेल तर मात्र कागदपत्रांची तयारी निदान महिनाभर आधी सुरू करा.

पहिला कागद म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीचा प्रस्ताव. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, हायस्कूलचा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यात तारीख, जाण्यायेण्याचा मार्ग, वाहन, सोबतचे शिक्षक आणि सहलीचा हेतू लिहायचा. हेतूच्या रकान्यात नुसतं 'शैक्षणिक' लिहून मोकळं होऊ नका. १९३२ साली झेंडा फडकवला म्हणून १८ महिन्यांची शिक्षा झालेला, अजून विशीही न गाठलेला मुलगा या घरात जन्मला, असं स्पष्ट लिहा. पुढे १ मे १९६० ला तोच महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. हे वर्गात आधी सांगितलेलं असलं की पोरं त्या घरात शिरताना आपोआप गप्प होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रस्तावासोबत विद्यार्थ्यांची यादी (इयत्ता, पालकांचा मोबाइल नंबर), प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, शिक्षकांची नावं आणि प्रथमोपचार पेटी सोबत असल्याचं लेखी द्या. मुली असतील तर शिक्षिका हवीच. ज्याला दमा, फिट्स असा त्रास आहे त्याची नोंद वेगळी करा.

प्रस्ताव अडकतो तो बहुतेक वेळा संमतिपत्रांवर. एका वर्षी आमच्या यादीत ४२ मुलं होती आणि संमतिपत्रं ४१. फाईल परत आली. राहिलेल्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, घरी फक्त आजी. आम्ही तिच्या घरी गेलो, आजीला कागद वाचून दाखवला. तिने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवण्याआधी विचारलं, "पोरगी सांजच्याला घरी येतीया न्हवं?" अंगठ्याखाली मुख्याध्यापकांनी साक्षांकन केलं आणि परवानगी मिळाली. तेव्हापासून बाहेरगावी गेलेल्या पालकांची नावं मी यादी करतानाच बाजूला काढतो.

गाडी शक्यतो एसटीचीच घ्या. मान्यताप्राप्त शाळांच्या सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. शाळेच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज, सोबत यादी आणि परवानगीची प्रत जोडा. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी फार असते. खासगी बस घेतलीच तर आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स या सगळ्यांच्या प्रती फाईलला लावा, त्यावरच्या तारखा स्वतः तपासून.

मोबाइलवर दोन फोटो काढणं वेगळं. माहितीपट किंवा लघुपटासाठी कॅमेरे लावायचे असतील तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

मार्ग आखताना माझं ऐका, एका दिवसात आठ ठिकाणं कोंबू नका. जन्मघर, जवळचंच क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल, मग कराडला त्यांचं 'विरंगुळा' हे घर आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरची समाधी, एवढं पुरे. मुलांनी वही काढून काही टिपून घ्यायचं म्हटलं तर जन्मघरात अर्धा तास तरी लागतोच.

परत आल्यावर सहलीचा अहवाल आणि जमाखर्च कार्यालयात द्यायचा असतो. त्याला मुलांच्या त्याच वह्यांतली दोन-तीन पानं जोडा.