हुश्श करण्याचं शरीरशास्त्र

गेल्या वर्षी घरातल्या एकाच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. चार दिवस जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी माझा जबडा इतका ठणकायला लागला, की दाढ किडली असेल म्हणून डेंटिस्टकडे गेले. दाढ धडधाकट होती. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "झोपेत दात खाता का हो?"

वाट बघण्याचा असा त्रास का होतो, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी तपासलं होतं. त्यांचा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही, ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. त्या वेळी त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला जात होता. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना माणसं त्या मानाने शांत होती. ताण सर्वांत जास्त होता तो शक्यता पन्नास टक्के असताना.

झटका बसणारच असेल तर माणूस मन घट्ट करून मोकळा होतो. 'बसेल किंवा नाही बसणार' अशा वेळी शरीराला तयारीतच राहावं लागतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धावतं, खांदे नकळत कानांकडे सरकतात. धोका आला आणि गेला, तर हे सगळं उतरतं. पण नोकरी टिकेल का, व्हिसा मिळेल का, रिपोर्ट कसा येईल, असले प्रश्न आठवडेच्या आठवडे लोंबकळत राहतात आणि खांदे वरच राहतात.

मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंबद्दल एक मांडणी मला फार पटते. स्नायू थोडासा जरी आखडला, तरी त्यातले ठरावीक बारीक तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. शास्त्रज्ञ त्यांना 'सिंड्रेला तंतू' म्हणतात. आपल्याकडे मोठ्या घरातली धाकटी सून म्हटलं तरी चालेल: पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, रात्री सगळ्यांनंतर आडवं व्हायचं. जोर फारसा लागत नाही, पण सुट्टीच नाही, म्हणून दुखतं. ताण 'अंगात साठतो' म्हणतात तो एवढ्याच अर्थाने. कमरेच्या सांध्यात जुनी दुःखं दडलेली असतात आणि अमुक आसनाने ती बाहेर पडतात, वगैरे जे मोबाइलवर फिरतं, त्याला मला काही आधार सापडलेला नाही.

आता मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सोडा. जरा लक्ष दिलंत तर जाणवेल, की श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात आणि सोडताना रेंगाळतात. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना हा लगाम ढिला पडतो, सोडताना आवळला जातो. एरवी आपण मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले, तर ठोक्यांमधला हा चढउतार बहुतेकांमध्ये सर्वांत मोठा होतो. संकट टळल्यावर आपल्या तोंडून आपसूक निघणारं 'हुश्श' हा लांबवलेला उच्छ्वासच असतो, हे लक्षात आल्यावर मला मराठीचं कौतुक वाटलं.

शवासन म्हणजे हेच काम झोपून, मुद्दाम आणि बराच वेळ करणं. योगवर्गात त्याला शेवटची पाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यातही निम्मी मंडळी चटया गुंडाळत असतात. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी शवासनाला औषधासारखं तपासलं. त्यांच्यासोबत लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे डॉ. विनेकर होते. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर केलेला हा अभ्यास १९६९ मध्ये छापून आला. कृती साधीच होती. उताणं झोपायचं, श्वास पोटातून संथ चालू द्यायचा, श्वास सोडल्यावर थोडं जास्त थांबायचं. लक्ष नाकपुड्यांवर: आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा सरासरी मध्य रक्तदाब (म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला दाब) १३४ वरून १०७ वर उतरला.

या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्यातली उणीव. ती काही अंशी इंग्लंडमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. १९७५ च्या त्यांच्या प्रयोगात ३४ रुग्ण होते. योगातलं शिथिलीकरण शिकलेल्यांचा दाब सरासरी १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. काही न शिकता नुसता आराम करणाऱ्यांचाही थोडा उतरला, पण १६० च्या खाली गेला नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत. ते वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत.

मी त्या चार दिवसांतल्या शेवटच्या रात्री सतरंजीवर आडवी झाले. पहिली पाच मिनिटं डोक्यात फक्त रिपोर्ट. मग कळलं, की जीभ टाळूला घट्ट चिकटलीय. ती सोडवली तसा जबडा सुटला, जबड्यामागून खांदे जमिनीला टेकले. गार, कोमट, गार, कोमट. केव्हातरी घोरायला लागले म्हणे. शवासनात झोपायचं नसतं, पण असो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. फोन वाजला तेव्हा खांदा परत कानाशी होता.