मायएसक्यूएल 5.7 वरून उठायचंय, पण बसायचं कुठे: 8.4 की 9.5?

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 5.7 आवृत्तीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्येच संपली, हे तुम्हाला माहीत आहे. तरीही अजून तिथेच असाल, तर कारणंही तुम्हालाच माहीत. त्यावर वेळ घालवत नाही.

पुढे कुठे जायचं, असं कुणी विचारलं की हमखास एक सल्ला येतो: "जायचंच आहे तर सगळ्यात वरच्या आकड्यावर जा, निदान पाच-सहा वर्षं बघायला नको." हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण इथे प्रकार नेमका उलटा आहे. पाच-सहा वर्षं निवांत बसायचं असेल, तर 9.5 ही चुकीची जागा आहे.

2023 च्या जुलैपासून मायएसक्यूएल बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने आवृत्त्यांच्या दोन रांगा केल्या. एक एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घ मुदतीच्या आधाराची), दुसरी इनोव्हेशन. 8.4 एलटीएस आहे, 9.0 ते 9.5 या सगळ्या इनोव्हेशन. नाव वाचून काहींना वाटतं की इनोव्हेशन म्हणजे बीटा, कच्चा माल. तसं नाही, दोन्ही पक्क्या आवृत्त्या आहेत. फरक मुदतीत आहे. 8.4 आली एप्रिल 2024 मध्ये. तिला पाच वर्षं मुख्य आधार आणि वर तीन वर्षं वाढीव. इनोव्हेशनची आवृत्ती साधारण तीन महिने जगते, म्हणजे पुढची येईपर्यंत.

आता खरी मेख. 9.1 मध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, तर ते 9.1 मध्ये बुजवत बसत नाहीत. तुम्हाला 9.2 वर जावं लागतं, आणि तिथे पॅचबरोबर (म्हणजे दुरुस्तीबरोबर) नवी वागणूकही पदरात पडते; एखादी जुनी सोय काढूनही टाकलेली असू शकते. 8.4.5 वरून 8.4.6 वर जाताना मात्र फक्त दुरुस्त्या मिळतात. भाड्याचा करार दर तीन महिन्यांनी नवा करायचा आणि दर वेळी घरमालकाने एखादी भिंत हलवलेली, असं ते इनोव्हेशनचं घर. ज्यांची टीम रोज टेस्ट चालवते, त्यांनी तिथे खुशाल राहावं. दुकानाचं बिलिंग किंवा पतसंस्थेची खाती सांभाळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पासवर्डचंच बघा. लॉगिन तपासायची जुनी 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धत 8.4 मध्ये बंद असते, पण सेटिंगमधून चालू करता येते. 9.0 मध्ये ती मुळातूनच काढली. जुन्या पीएचपीवरचं अ‍ॅप्लिकेशन असेल, तर 8.4 वर श्वास घ्यायला जागा आहे, 9 वर नाही.

बाकीचे फरक किरकोळ. 9 मध्ये व्हेक्टर (एआयच्या कामी येणाऱ्या आकड्यांच्या याद्या साठवणारा) हा डेटाटाइप आला. तो हवा असता तर तुम्ही हे वाचत नसता.

"मग 8.0 वरच थांबू का?" थांबू नका, तिची मुदत एप्रिल 2026 पर्यंतचीच. पण वाट मात्र तिच्यावरूनच जाते: 5.7 वरून थेट 8.4 वर उडी चालत नाही, आधी 8.0, मग 8.4. आणि 8.0 वर चढलं की 5.7 वर उतरायला जिना नाही, फक्त बॅकअप.

खरी ठेच या मधल्या मुक्कामातच लागते. 'रँक' हा शब्द 8.0 पासून राखीव झाला, म्हणजे मायएसक्यूएलने तो स्वतःच्या वापरासाठी ठेवला. एका शाळेच्या निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाचा कॉलम होता आणि क्वेरीत तो बॅकटिक (` हे चिन्ह) न लावता लिहिलेला. तो सापडेपर्यंत माझा अख्खा शनिवार गेला. मायएसक्यूएल शेल या सोबतच्या टूलमधला, अपग्रेडच्या अडचणी आधीच दाखवणारा अपग्रेड चेकर आधी चालवला असता, तर त्या कॉलमचं नाव मला शुक्रवारीच कळलं असतं.