बहुशब्दी पदबंधांचे वर्गीकरण

दोन किंवा अधिक शब्दांचा जो समूह अर्थाने, रचनेने किंवा रूढीने एकच घटक म्हणून वावरतो, त्याला बहुशब्दी पदबंध म्हणतात. स्विस भाषाशास्त्रज्ञ शार्ल बाली यांनी १९०९ मध्ये अशा समूहांची शैलीच्या अंगाने मांडणी केली. पुढे १९४० च्या दशकात रशियन भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर विनोग्रादोव यांनी घटक शब्द एकमेकांत किती मिसळले आहेत, यावरून त्यांचे तीन वर्ग पाडले.

केवळ अर्थावर आधारलेले वर्गीकरण मात्र अपुरे पडते. ‘माशी शिंकणे’ आणि ‘मार्ग काढणे’ या दोहोंचा अर्थ लाक्षणिक आहे. पण ‘नवा मार्ग काढला’, ‘काढलेला मार्ग सर्वांना पटला’ असे सहज म्हणता येते, तर ‘शिंकलेली माशी’ म्हणताच लाक्षणिक अर्थ नाहीसा होऊन नुसता कीटक उरतो. याचे कारण असे की, ‘मार्ग’ म्हणजे उपाय आणि ‘काढणे’ म्हणजे शोधणे अशी अर्थाची वाटणी ‘मार्ग काढणे’ या पदबंधात करता येते, ‘माशी शिंकणे’ यात येत नाही. नन्‌बर्ग, सॅग आणि वॅसो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हाच भेद वाक्प्रचारांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आणला.

संगणकीय भाषाविज्ञानात सॅग व सहकाऱ्यांची २००२ ची विभागणी विशेष रूढ आहे. तीत कोशबद्ध (ज्यांचा अर्थ किंवा रचना घटक शब्दांवरून पूर्णपणे ठरत नाही असे) आणि रूढिबद्ध (ज्यांचा अर्थ उघड असतो, पण शब्दांची जोडी रूढीने ठरते असे) हे दोन मुख्य वर्ग असून, कोशबद्ध पदबंध त्यांत किती बदल करता येतो यावरून स्थिर, अर्धस्थिर व लवचीक असे विभागले आहेत. ‘अळीमिळी गुपचिळी’ यात काहीच बदलता येत नाही, म्हणून ते स्थिर. ‘गाढ झोप’ हा रूढिबद्ध पदबंध होय : त्याचा अर्थ पारदर्शक आहे, तरी ‘खोल झोप’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘निर्णय घेणे’, ‘दाद देणे’ यांसारख्या रचनांत अर्थाचा भार नामावर असतो, पण त्याच्या जोडीला कोणते क्रियापद यावे हे रूढी ठरवते. त्यांतील पदांची मांडणी मात्र बदलता येते, म्हणून त्यांची गणना लवचीक पदबंधांत होते.

मराठीत सर्वांत अवघड प्रश्न संयुक्त क्रियापदांचा आहे. ‘कागद फाडून टाकला’ यात ‘टाकणे’ फाडण्याची पूर्णता दाखवते, की कागद खरोखर फेकला गेला, हे वाक्यावरून ठरत नाही. ‘फाडून टोपलीत टाकला’ असे मध्ये पद घातले की फेकण्याचाच अर्थ उरतो आणि तो समूह पदबंध राहत नाही.