सर्फिंग, हवाई बेटांवरील

किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेच्या उतारावरून फळीवर पालथे पडून, गुडघ्यांवर किंवा उभ्याने घसरत येण्याचा हवाई बेटांतील पारंपरिक जलविहार. हवाईयन भाषेत त्याला ‘हेए नालू’ म्हणतात. ‘हेए’ म्हणजे घसरणे, ‘नालू’ म्हणजे लाट. आज जगभर रूढ असलेले सर्फिंग हवाईतूनच पसरले याविषयी मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते त्याच्या उगमाविषयी आणि एकोणिसाव्या शतकात ते खरोखर लोप पावले होते का, याविषयी.

उगम : लाटेवर घसरण्याची कला एकाच ठिकाणी जन्मली असे म्हणता येत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट (आजचा घाना) किनाऱ्यावर मुले फळ्या घेऊन लाटांशी खेळत असल्याचा उल्लेख सतराव्या शतकाच्या मध्यातील एका युरोपीय प्रवासवृत्तात आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या चिंचोळ्या होड्यांवरून लाटेबरोबर किनारा गाठतात. अशा होड्या तेथील प्राचीन मृत्पात्रांवरही दिसतात, म्हणून काही अभ्यासक सर्फिंगचे श्रेय पेरूला देतात. परंतु ती मुख्यतः मासेमारीची साधने होत. पॉलिनेशियातील (हवाई, ताहिती आदी पॅसिफिक बेटांतील) पहिली लिखित नोंद कुक यांच्या मोहिमेतील निसर्गवैज्ञानिक जोसेफ बँक्स यांची मानतात. १७६९ मध्ये ताहिती येथे जुन्या होडीच्या मागच्या तुकड्यावर लाटा झेलणारे लोक त्यांनी पाहिले. १७७७ मध्ये ताहितीतच एकटा माणूस होडीतून लाटेवर स्वार होताना पाहिल्याचे वर्णन दीर्घकाळ कॅप्टन जेम्स कुक यांच्या नावावर सांगितले जाई. ते जहाजावरील शल्यवैद्य विल्यम अँडरसन यांचे आहे, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. हवाईतील फळीवरच्या सर्फिंगचे सविस्तर वर्णन कुक यांच्या मोहिमेतील अधिकारी लेफ्टनंट जेम्स किंग यांनी १७७९ मध्ये केआलाकेकुआ उपसागरात केले.

मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी यांच्या मते आखूड फळीवर पालथे पडून लाटा झेलणे पॅसिफिकमध्ये दूरवर प्रचलित होते. लांब फळीवर उभे राहण्याचे तंत्र मात्र पूर्व पॉलिनेशियात, विशेषतः हवाईत, पूर्णत्वास गेले. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते. कालनिर्णय अवघड आहे. हवाईत पहिली वस्ती चौथ्या-पाचव्या शतकात झाली असे पूर्वी मानीत. किरणोत्सर्गी कार्बनमापनाच्या फेरतपासणीनंतर हा काळ साधारणतः १००० ते १२५० च्या दरम्यान ओढला गेला आहे. त्यामुळे हवाईतील सर्फिंग दीड-दोन हजार वर्षे जुने असल्याचे लोकप्रिय लेखनातील विधान सावधपणे घ्यावे लागते.

फळ्या व विधी : ‘पाइपो’ ही आखूड, ‘अलाइआ’ मध्यम व पातळ, तर ‘ओलो’ अतिशय लांब आणि जाड. ओलो सरदारांसाठी असे व ती हलक्या विलिविली लाकडाची करीत. विलिविली हा पांगाऱ्याच्याच प्रजातीतील वृक्ष आहे. अलाइआसाठी कोआ (बाभळीच्या गणातील वृक्ष) किंवा नीरफणस वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका वर्णनानुसार, झाड तोडण्यापूर्वी मुळाशी कुमू हा तांबडा मासा अर्पण करीत. फळी तासून, प्रवाळाने घासून, काळी रंगवीत आणि वापरानंतर वाळवून खोबरेल चोळून ठेवीत. सरदार अब्नेर पाकी यांच्या सुमारे ५ मी. लांबीच्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत.

समुद्र शांत असला की पोहुएहुए वेलीचे वेटोळे पाण्यावर आपटून लाटांना आवाहन करीत. ही वेल म्हणजे कोकणच्या वाळूत पसरणारी मर्यादवेल. तिच्यापलीकडे समुद्र येत नाही अशी आपल्याकडे समजूत. तिथे तिच्यानेच समुद्राला जागे करीत. सर्फिंगला ‘राजांचा खेळ’ म्हणतात, पण ते अर्धसत्य आहे. काही जागा व ओलो फळी सरदारांकडे राखीव असली, तरी स्त्रिया, मुले, सामान्य जन सारेच लाटांवर जात. राणी काआहुमानू सर्फिंगमध्ये निपुण होती.

ऱ्हासाचा प्रश्न : १८१९ मध्ये कापू ही निषिद्धांची धर्मव्यवस्था मोडली आणि १८२० मध्ये अमेरिकन मिशनरी आले. त्यांनी हा खेळ बंद पाडला, असे सरधोपटपणे लिहिले जाते. त्यांची नापसंती खरी; पण बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्येचा केलेला संहार हे कारण कितीतरी मोठे आहे. १७७८ मधील, म्हणजे कुक तेथे पोहोचले त्या वेळच्या, लोकसंख्येचे अंदाज दोन-तीन लाखांपासून आठ लाखांपर्यंत जातात. १८९० मध्ये मूळ हवाईयन वंशाचे लोक सुमारे ४०,००० उरले होते. तरीही खेळ तुटला नाही. १८६६ मध्ये होनाउनाऊ येथे आणि १८७३ मध्ये हिलो येथे प्रवाशांनी तो पाहिला. १८८५ मध्ये तीन हवाईयन राजपुत्रांनी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे रेडवुडच्या फळ्यांवर सर्फिंग केले. विसाव्या शतकारंभी होनोलुलूच्या वाइकीकी किनाऱ्यावर परदेशी उत्साही मंडळींनी सर्फिंगचे ‘पुनरुज्जीवन’ केले ही मांडणी त्यामुळे टिकत नाही. इसाया वॉकर यांच्यासारखे हवाईयन इतिहासकार सातत्यावर भर देतात, आणि तेच ग्राह्य वाटते.

प्रसार : हवाईचे सर्फिंगपटू जॉर्ज फ्रीथ १९०७ मध्ये कॅलिफोर्नियाला गेले. वाइकीकीत १९०८ मध्ये मुख्यतः गोऱ्यांचा आउटरिगर कनू क्लब निघाला, तर १९११ मध्ये हवाईयनांचा ‘हुई नालू’. त्याच्या संस्थापकांपैकी ड्यूक काहानामोकू (१८९०–१९६८) यांनी १९१२ व १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मी. मुक्त शैलीचे सुवर्णपदक मिळवले आणि १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीजवळ फ्रेशवॉटर येथे सर्फिंगची प्रात्यक्षिके दिली. अमेरिकन सर्फिंगपटू टॉम ब्लेक यांनी बिशप संग्रहालयातील जुन्या फळ्या अभ्यासून पोकळ फळी बनवली व १९३५ च्या सुमारास फळीला माशासारखा पर (फिन) जोडला.

लाटा : हवाई बेटे म्हणजे खोल समुद्रतळावरून थेट वर आलेले ज्वालामुखी, त्यांना रुंद समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) नाही. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांतून निघालेल्या, १६ सेकंद आवर्तकालाच्या (लागोपाठच्या दोन लाटांमधील वेळ) लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे ४०० मी. असते. तिच्या निम्म्या, म्हणजे २०० मी. खोलीपर्यंत पाणी उथळ झाले की तिला तळाचा अडथळा जाणवू लागतो. मुंबईसमोर इतक्या उथळ तळाचा पट्टा सुमारे ३०० किमी. रुंद आहे, त्यामुळे लाट वाटेतच शक्ती गमावते. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ती जवळजवळ अखंड शक्तीनिशी खडकावर येऊन उभी राहते. त्याच किनाऱ्यावरील पाइपलाइन या सर्फिंगच्या ठिकाणी जेमतेम काही मीटर खोलीच्या खडकावर लाटेचा माथा पुढे कोसळून पोकळ नळी तयार होते. लाटेची उंची हवाईत परंपरेने मागच्या बाजूने मोजतात. हा आकडा समोरून दिसणाऱ्या उंचीच्या साधारण निम्मा येतो. वाइकीकीला मुख्यतः उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातून सौम्य लाटा येतात.

ओआहूवरील वाइमेआ उपसागरातील जीवरक्षक एडी आइकाऊ १९७८ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक होडी उलटल्यावर मदत आणण्यासाठी फळीवरून निघाले, ते परतले नाहीत. त्यांच्या नावाची स्पर्धा हवाईयन मापाने २० फुटांच्या लाटा आल्या तरच होते. अनेक वर्षे ती होतच नाही.

१९७० च्या दशकाच्या मध्यात परदेशी व्यावसायिक सर्फिंगपटूंच्या गर्दीविरुद्ध स्थानिकांनी ‘हुई ओ हेए नालू’ ही संघटना स्थापन केली. १९९८ मध्ये हवाई राज्याने सर्फिंगला अधिकृत वैयक्तिक क्रीडाप्रकार घोषित केले. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) महिलांचे पहिले सर्फिंग सुवर्णपदक होनोलुलूच्या कॅरिसा मूर यांना मिळाले. व्यावसायिक जागतिक मालिकेत हवाईचे खेळाडू हवाईच्या ध्वजाखाली उतरतात. ऑलिंपिकमध्ये त्यांना अमेरिकेच्या ध्वजाखाली खेळावे लागते.