सुपरहिरोंना विटलेला मेंदू आणि एक समुद्री गोगलगाय

'द मार्व्हल्स' नोव्हेंबर २०२३मध्ये आला आणि जगभरातून सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर गोळा करून थांबला. मार्व्हलच्या मालिकेतल्या पहिल्या ३३ चित्रपटांत एवढी कमी कमाई कुणाचीच नव्हती. साडेचार वर्षांपूर्वी याच मालिकेतल्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'ने जवळपास २८० कोटी डॉलर मिळवले होते. 'सुपरहिरो फटीग' हा शब्द तेव्हा बातम्यांत सर्वत्र दिसू लागला आणि मराठीत त्याचा 'प्रेक्षकांचा थकवा' झाला. या 'थकवा' शब्दावर माझा आक्षेप आहे.

थकवा म्हणजे काम करणाऱ्या अवयवाचीच ताकद कमी होणं. एक गड चढून पोटऱ्या भरून आल्या की शेजारचा गडही चढवत नाही. प्रेक्षक खरोखर थकला असता, तर त्याने थिएटरचीच वाट सोडली असती. पण त्याच २०२३च्या जुलैत 'ओपनहायमर' हा तीन तासांचा, बराचसा खोलीत बसून बोलण्याचा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. डोळे-कान शाबूत होते, तिकिटाला पैसेही होते. मग नेमकं काय आटलं?

पिठाच्या गिरणीशेजारी नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस डोकं उठल्यासारखं होतं. महिन्याभरात तो दुपारी शांत झोपतो. आवाज तेवढाच असतो, कानही तेच असतात. याला मराठीत 'सरावणं' असा नेमका शब्द आहे, आणि शास्त्रात हॅबिट्युएशन. हे सरावणं चेतापेशींच्या पातळीवर कसं घडतं ते चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या प्राण्यावर शोधलं, तो प्राणी माझा फार लाडका आहे.

ॲप्लिजिया ही समुद्री गोगलगाय आहे. तिच्या मध्यवर्ती चेतासंस्थेत चेतापेशी जेमतेम २० हजार, पण त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. तिच्या पाठीवर एक छोटी नळी असते. त्या नळीला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला, म्हणजे श्वास घेण्याचा अवयव, चटकन आत ओढून घेते. पुन्हा स्पर्श केला की पुन्हा ओढते, पण जरा कमी. दहाएक स्पर्शांनंतर कल्ला जेमतेम हलतो.

स्नायू थकला असेल का? स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीला थेट विजेने चेतवलं, तर कल्ला पूर्ववत जोरात आत जातो. म्हणजे स्नायू ताजा आहे. मग त्वचेवरचा स्पर्श टिपणारी संवेदक पेशी बधिर झाली असेल? तीही स्पर्श झाल्याची वर्दी देतच असते. बिघाड असलाच तर या दोन पेशींच्या मधल्या फटीत, सिनॅप्समध्ये. तिथे संवेदक पेशी रसायनाच्या सूक्ष्म पुड्या सोडते आणि पलीकडची पेशी त्या झेलते. १९७४मध्ये कास्टेलुची आणि कँडेल यांनी या पुड्यांचा हिशेब मांडला. पलीकडच्या पेशीवर एका पुडीचा होणारा परिणाम पहिल्याइतकाच होता, म्हणजे झेलणारा तरबेजच होता. घटली होती ती दर वर्दीमागे सुटणाऱ्या पुड्यांची संख्या. निरोप निघतो, पण पाठवणाराच तो हळू आवाजात सांगतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. दहा स्पर्शांची एकच फेरी केली तर परिणाम काही मिनिटं टिकतो. मध्ये विश्रांती देत अशा चार फेऱ्या केल्या, तर तो तीन आठवड्यांपर्यंत टिकतो. या लांबलेल्या प्रकारात सिनॅप्सची टोकंच कमी होतात, जवळजवळ एक तृतीयांशाने. आता रचनाच बदललेली असते. या साऱ्या कामासाठी कँडेल यांना २०००मध्ये नोबेल मिळालं.

गोगलगाईचा कल्ला आणि शुक्रवारचा पहिला शो यांत अंतर फार मोठं आहे, आणि चित्रपट न चालण्यामागे महामारी, घरबसल्या पाहण्याची सोय, कच्च्या पटकथा अशी इतर कारणंही आहेतच. पण सरावण्याचे नियम प्राण्याप्राण्यांत आश्चर्य वाटावं इतके सारखे आहेत. १९६६मध्ये थॉम्पसन आणि स्पेन्सर यांनी त्यांची नऊ लक्षणांची यादी केली. ती घेऊन हॉलिवूडकडे पाहिलं की बरंच काही उलगडतं.

उदाहरणार्थ, उद्दीपन, म्हणजे तो स्पर्श किंवा आवाज, जितकं घाईघाईने येईल, तितकं सरावणं लवकर होतं. २००८मध्ये मार्व्हल स्टुडिओजचे दोन चित्रपट आले आणि २००९मध्ये एकही नाही. २०२१मध्ये मात्र एकाच वर्षात चार चित्रपट आणि पाच वेब मालिका. दुसरं असं की, सरावणं सारख्या दिसणाऱ्या उद्दीपनांवरही पसरतं. एका कंपनीच्या चित्रपटात आभाळात उसळणाऱ्या निळ्या प्रकाशझोताला आपण सरावलो, की दुसऱ्या कंपनीचा झोतही आपल्याला जागेवरून हलवत नाही. म्हणूनच मार्व्हलच्या अतिरेकाची किंमत डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीलाही थोडीफार मोजावी लागली, असं मला वाटतं.

विश्रांती मिळाली की प्रतिसाद आपोआप परततो, हेही त्या यादीत आहे. अमेरिकी कॉमिक्समध्ये सुपरमॅन १९३८मध्ये आला, सुपरहिरोंची लाट उसळली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरली. वाचक गुन्हेगारी, प्रेमकथा, भयकथा यांच्याकडे वळले. मग १९५६मध्ये नव्या रूपातला 'फ्लॅश' आला आणि सुपरहिरो पुन्हा खपू लागले. युद्ध संपल्याचा आणि सेन्सॉरच्या धास्तीचा वाटा त्यात होता, पण मधल्या काळात मेंदूला मिळालेली उसंतही विसरू नये.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. 'तुमचं डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) संपलंय, सात दिवस करमणुकीचा उपास करा' असे व्हिडिओ सध्या फोनवर फिरतात आणि लोक ते श्रद्धेने पाळतात. डोपामिन टाकीतल्या पाण्यासारखं संपत नाही आणि उपासाने भरतही नाही. चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांच्या डोपामिन पेशी चेकाळल्या त्या अनपेक्षित रसाच्या थेंबाला. रस येणार हे कळल्यावर त्याच पेशी थेंबापाशी शांत राहिल्या आणि आधीच्या खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या. स्टुडिओचं बोधचिन्ह झळकताच शिट्ट्या आणि शेवटच्या लढाईत शांतता, असं थिएटर मी पाहिलं आहे.

यादीतलं आठवं लक्षण मात्र निर्मात्यांना नेमकं सापडलेलं दिसतं. गोगलगाईच्या शेपटीला विजेचा सौम्य झटका द्या, की मंदावलेला कल्ला जुन्याच स्पर्शाला पुन्हा जोरात हलतो. २०२१च्या 'स्पायडर-मॅन : नो वे होम'मध्ये तीन पिढ्यांचे तीन स्पायडर-मॅन एकत्र आले, आणि कमाई १९० कोटी डॉलरच्या पुढे गेली. २०२४मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये ह्यू जॅकमन पुन्हा वुल्व्हरिन झाला, तेव्हा १३० कोटी. त्याच वर्षी जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये मार्व्हलचा जुना 'आयर्न मॅन' रॉबर्ट डाउनी ज्युनियर याने नव्या भूमिकेचा मुखवटा काढला आणि सभागृह किंचाळलं.

नववं लक्षण असं : झटका पुन्हापुन्हा दिला, की त्याचाही परिणाम घटत जातो.