सुरी घडवण्याची घरगुती प्रोपेन भट्टी

सुरी, कोयता, चाकू यांची पाती हाताने घडवताना पोलाद तापवण्यासाठी वापरली जाणारी, प्रोपेन वायूवर चालणारी लहान बंदिस्त भट्टी. लोखंडी नळकांडे किंवा पेटी, तिच्या आत उष्णतारोधक अस्तर, वरून अथवा बाजूने आत शिरणारा एक वा दोन बर्नर आणि पाते आत-बाहेर करण्यासाठी समोर ठेवलेले तोंड, एवढीच तिची रचना असते. अशा भट्ट्या तयारही विकत मिळतात. परंतु अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील हौशी सुरीकारांपैकी अनेक जण आपली पहिली भट्टी स्वतःच बांधतात आणि त्यामुळे तिची मापे, साहित्य व चुका यांविषयीचे व्यवहारज्ञान कारागिरांच्या वर्तुळातच घडत गेले आहे.

कोळशाच्या भट्टीत इंधन आणि तापणारे लोखंड एकमेकांना भिडलेले असतात. भात्याचा किंवा पंख्याचा वारा जिथे लागतो तिथे उष्णता अतिशय तीव्र आणि वीतभर बाजूला बरीच कमी असते. पात्याचा नेमका भाग तापवायला हा गुण उपयोगी पडतो, पण नवशिक्याच्या हातून सुरीचे टोक ठिणग्या टाकत जळून जाते तेही याच कारणाने. दगडी कोळशातील गंधकाचा उपद्रव असतो, राखेचे चिकट गोळे सतत काढावे लागतात आणि विस्तवाकडे पाठ फिरवता येत नाही. वायूच्या भट्टीत पाते कोळशात रुतलेले नसते, तर तापलेल्या भिंतींच्या मध्ये मोकळे असते. त्यामुळे ते लांबीभर बऱ्यापैकी सारखे तापते, त्याचा रंग सतत दिसत राहतो आणि हातोडा चालवताना विस्तवाची काळजी करावी लागत नाही. वाकडातिकडा मोठा नग मात्र तिच्या तोंडातून आत जात नाही आणि फक्त दोन बोटे जागा तापवायची असेल तर कोळशाची भट्टीच सरस ठरते.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० मध्ये पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंत प्रोपेन ओळखला आणि पुढच्या काही वर्षांत तो द्रवरूपात साठवून विकला जाऊ लागला. हाताने घडवलेल्या सुऱ्यांची आवड अमेरिकेत १९७०च्या दशकात पुन्हा वाढली. विल्यम मोरन यांनी १९७३ मध्ये थरांच्या नक्षीदार दमास्कस पोलादाच्या सुऱ्या लोकांपुढे मांडल्या आणि १९७६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. शहराच्या कडेला, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून काम करणाऱ्या नव्या हौशी मंडळींना कोळशाचा धूर परवडणारा नव्हता. प्रोपेनची नळकांडी घरोघरी उपलब्ध होती आणि हलके सिरॅमिक तंतूंचे ब्लँकेट बाजारात मिळू लागले होते. या दोन गोष्टींच्या जोरावर परसातली वायूची भट्टी रुजली.

साधे उच्च-कार्बन पोलाद साधारण ८५० ते १,१५० अंश सेल्सियस या टप्प्यात ठोकले जाते. त्याखाली ते हातोड्याला दाद देत नाही आणि चिरण्याची भीती असते. थर जोडून दमास्कस करायचे असेल, तर १,२०० अंशांच्या वर जावे लागते. प्रोपेनची हवेत जळणारी ज्योत तत्त्वतः १,९५० अंशांच्या पुढे पोहोचते. म्हणजे प्रश्न ज्योतीच्या प्रखरतेचा नसतो, तर निर्माण झालेली उष्णता आत किती धरून ठेवता येते याचा असतो. बर्नर बदलत राहूनही भट्टी पिवळी होत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे मूळ बहुधा पातळ अस्तरात, फार मोठ्या पोकळीत किंवा उघड्या तोंडात असते. म्हणून भट्टी बांधणाऱ्याने पैसा आणि लक्ष आधी अस्तराला द्यावे.

नेहमीचे अस्तर म्हणजे ॲल्युमिना व सिलिका यांच्या तंतूंचे ब्लँकेट. १,२६० अंशांपर्यंत चालणारे, २५ मिलिमीटर जाडीचे आणि घनमीटरला १२८ किलो घनतेचे ब्लँकेट सर्वत्र वापरले जाते. त्याचे दोन थर, म्हणजे ५० मिलिमीटर जाडी, लहान भट्टीला पुरेशी होते. दाट अग्निविटेच्या तुलनेत हे ब्लँकेट कितीतरी हलके असल्याने स्वतः तापण्यात फारशी उष्णता खात नाही आणि भट्टी दहा-पंधरा मिनिटांत कामाला येते. ते उघडे मात्र कधीही ठेवू नये. थरांवर आधी कोलॉइडल सिलिकाचा (पाण्यात तरंगणाऱ्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा) फवारा मारून ते कडक करतात, मग त्यावर उच्च-ॲल्युमिना कास्टेबलचा (पाण्यात कालवून थापायच्या अग्निरोधक मिश्रणाचा) सुमारे एक सेंटीमीटर लेप देतात आणि परवडल्यास शेवटी झिर्कोनियमयुक्त परावर्तक लेप लावतात. या लेपाचे काम दुहेरी आहे. सुटे तंतू हवेत उडत नाहीत आणि पोलादाचे थर तापवून सांधताना टाकलेला टाकणखार (बोरॅक्स) ब्लँकेटपर्यंत पोहोचत नाही. वितळलेला टाकणखार उघडे ब्लँकेट पाहता पाहता खाऊन टाकतो. त्यामुळे तळाशी दाट अग्निवीट किंवा कुंभारकामाच्या भट्टीतील फळी बसवलेली असावी.

लेप ओला असताना घाईने पेटवल्यास अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. आठवडाभर सावलीत वाळवून नंतर अगदी लहान ज्योतीवर, मध्ये थांबत थांबत तापवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पोकळीचे माप बर्नरशी जुळले पाहिजे. कारागिरांत रूढ असलेला ठोकताळा असा, की पाऊण इंची नळीचा एक चांगला बर्नर सुमारे ३५० घन इंच, म्हणजे पावणेसहा लिटर पोकळी सांधा जोडण्याइतकी तापवू शकतो. उदाहरणार्थ, आतून २५ सेंटीमीटर व्यासाचे आणि ३५ सेंटीमीटर लांबीचे लोखंडी नळकांडे घेतले आणि भोवती ५ सेंटीमीटर ब्लँकेट व एक सेंटीमीटर लेप दिला, तर मोकळा व्यास १३ सेंटीमीटर उरतो व पोकळी साडेचार लिटरांच्या आसपास भरते. तळाची वीट धरली तर ती आणखी थोडी घटते. घरगुती सुऱ्यांसाठी हे माप पुरेपूर आहे. मोठी भट्टी कधीतरी उपयोगी पडेल म्हणून दुप्पट पोकळी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण ती रोज तापवावी लागते. मागची बाजू विटेने जवळजवळ बंद आणि पुढचे तोंड सरकत्या विटांनी लहान-मोठे करता येईल असे ठेवतात.

अमेरिकेत जुन्या प्रोपेन सिलिंडरचेच नळकांडे करण्याची पद्धत आहे. रिकाम्या दिसणाऱ्या सिलिंडरमध्येही पेट घेण्याइतका वायू उरलेला असतो. व्हॉल्व्ह काढून सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरल्याशिवाय कापणे जिवावर बेतू शकते. भारतात हा मार्ग तसाही बंद आहे, कारण स्वयंपाकाच्या वायूचे सिलिंडर तेल कंपन्यांच्या मालकीचे असतात. भंगारातला साध्या पोलादाचा जाड (एमएस) पाइप हे काम तितक्याच चांगल्या रीतीने करतो. नळकांडे किंवा त्याचे जोड जस्ताचा मुलामा दिलेले नसावेत, कारण तापल्यावर जस्ताची विषारी वाफ निघते.

बर्नर दोन प्रकारचे असतात. एकात पंख्याने हवा दाबून देतात. दुसऱ्यात बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा वायूचा झोत स्वतःच आजूबाजूची हवा ओढून घेतो. दुसरा प्रकार विजेवाचून चालतो, म्हणून हौशी कारागिराची पहिली पसंती त्यालाच असते. त्याची मिश्रणनळी व्यासाच्या साधारण आठ-नऊ पट लांब असते. पाऊण इंची नळीला अठरा ते वीस सेंटीमीटर लांबी पुरते. वायूचे छिद्र म्हणून मिग वेल्डिंगच्या टॉर्चची तांब्याची टीप वापरण्याची युक्ती सर्वमान्य झाली आहे, कारण तिचे छिद्र अचूक असते आणि ती स्वस्तात बदलता येते. पाऊण इंची बर्नरला ०.९ मिलिमीटर तारेची टीप बसवतात. झोत नळीच्या मध्यरेषेत असणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. तो तिरका झाला की हवा पुरेशी ओढली जात नाही आणि मग दाब कितीही वाढवला तरी ज्योत आळशीच राहते. बर्नर पोकळीच्या मध्याकडे न रोखता किंचित एका बाजूला रोखतात. ज्योत भिंतीला घासत गोल फिरते आणि पात्यावर थेट आदळत नाही.

पंख्याच्या बर्नरमध्ये वीज गेल्यास हवा थांबते, पण वायू येतच राहतो. म्हणून वीज जाताच वायू आपोआप बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्याला अनिवार्य समजावा. भारनियमन सवयीचे झालेल्या महाराष्ट्रातील गावांत ही सूचना दुर्लक्षून चालणार नाही.

प्रोपेनच्या एका रेणूला जळण्यासाठी ऑक्सिजनचे पाच रेणू, म्हणजे आकारमानाने सुमारे २४ पट हवा लागते. भारतात मिळणारा एलपीजी हे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असून ब्युटेनला सुमारे ३१ पट हवा लागते. त्यामुळे परदेशी मापांवरून केलेला बर्नर येथे हवेची झडप जास्त उघडूनच नीट चालतो किंवा त्याला थोडी बारीक टीप लावावी लागते. ज्योत जुळवताना तोंडाकडे पाहावे. हवा जास्त झाली की आतली ज्योत आखूड, कर्कश होते आणि पोलादावर खपल्यांचा जाड थर धरू लागतो. हवा कमी झाली की तोंडातून लांब, निळी-नारिंगी जिभळी बाहेर लवलवत राहते. हा आत न जळलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेरच्या हवेत जळत असतो. घडाईसाठी तोंडाशी जेमतेम चार बोटे जिभळी दिसेल इतकी हवा ठेवतात, म्हणजे खपली कमी धरते आणि पात्याच्या पृष्ठभागावरचा कार्बनही फारसा जळून जात नाही.

घरगुती शेगडीचा रेग्युलेटर वायू सुमारे ३० मिलिबार दाबाने सोडतो. झोताने हवा ओढणाऱ्या बर्नरला पाव ते एक बार, म्हणजे त्याच्या कितीतरी पट दाब हवा असतो. म्हणून दाबमापक असलेला, दाब कमी-जास्त करता येणारा उच्च दाबाचा रेग्युलेटर, एलपीजीसाठी प्रमाणित नळी आणि हाताशी पटकन बंद करता येईल असा बॉल व्हॉल्व्ह ही सामग्री लागते. घरगुती अनुदानित सिलिंडर अशा कामाला वापरणे भारतात नियमबाह्य आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर हा योग्य पर्याय होय. पाऊण इंची बर्नर ताशी एक किलोच्या आसपास वायू खातो. द्रवाचा वायू होताना किलोमागे सुमारे ३५० किलोजूल उष्णता सिलिंडरमधूनच घेतली जाते, त्यामुळे बाहेरून दव आणि पुढे हिम धरते व दाब उतरतो. सिलिंडर साध्या पाण्याच्या घमेल्यात उभा ठेवला की हा दोष बराच कमी होतो. त्याला कोणत्याही प्रकारे शेकू नये, आणि आडवा तर कधीच ठेवू नये, कारण मग द्रवच नळीत येतो.

या भट्टीचे खरे धोके डोळ्यांना दिसत नाहीत. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यात, गटारात साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी पेट घेतो. प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासावा आणि सिलिंडर भट्टीपासून दूर ठेवावा. पेटवताना आधी जळता काकडा आत धरायचा आणि मगच वायू सोडायचा. हा क्रम उलटला तर साठलेला वायू एकदम भडकतो. तोंडासमोर वाकून उभे राहू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे दार-खिडकी उघडी ठेवून खोलीत भट्टी चालवणे हा उपाय नव्हे. भट्टी अंगणात किंवा दोन बाजूंनी उघड्या पडवीत चालवावी आणि जवळ कार्बन मोनॉक्साइडचा सूचक ठेवावा. ब्लँकेट कापताना साधा रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. या तंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्कजनकांत गणले आहे. शिवाय दीर्घकाळ तापलेल्या ब्लँकेटमध्ये स्फटिकी सिलिका तयार होत असल्याने जुनी भट्टी उकलणे हे नवी बांधण्याइतकेच जपून करायचे काम आहे.

पात्याच्या मापाबाबत कायद्याचे भान ठेवावे लागते. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्र ठरतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत.

घडाई संपल्यावर याच भट्टीत पात्याला पाणी देता येते, म्हणजे तापवून व एकदम थंड करून ते कडक करता येते, पण त्यासाठी तिला शांत करावे लागते. दाब अगदी कमी करून आत दोन्ही टोकांनी उघडा असा जाड लोखंडी पाइप ठेवतात आणि पाते त्या पाइपाच्या पोकळीत तापवतात, म्हणजे ज्योत न लागता चहूबाजूंनी सारखी धग मिळते. आजूबाजूला उजेड कमी असेल तर एक विलक्षण खूण दिसते. पोलादाची अंतर्गत रचना बदलताना ते उष्णता शोषून घेते, त्यामुळे लाल पात्यावर काळसर सावल्या उमटतात आणि पातळ धारेकडून जाड पाठीकडे सरकत जातात. शेवटची सावली विरली की पाते बदलून झाले, असे समजावे. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, ही दुसरी खूण. साध्या उच्च-कार्बन पोलादाला तिथून किंचित वर, ८०० अंशांच्या आसपास नेऊन तेलात बुडवतात. नेमके काम हवे असल्यास के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) पाइपात ठेवणे उत्तम. गाडीच्या कमानपाट्याचे पोलाद थोडे अधिक तापवावे लागते. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेले असावे आणि ते भडकल्यास झाकायला लोखंडी झाकण हाताशी ठेवावे.

तेलातून निघालेले पाते कमालीचे कडक, पण ठिसूळ असते. जमिनीवर पडले तरी मोडू शकते. म्हणून हात लावण्याजोगे निवताच ते सुमारे २०० अंशांना एक ते दोन तास, असे दोनदा तापवून पाणी उतरवतात, म्हणजे ठिसूळपणा कमी करतात. या कामाला प्रोपेन भट्टी उपयोगी नाही, कारण इतक्या कमी तापमानावर तिला स्थिर ठेवता येत नाही. त्यासाठी तापमान राखणारा विजेचा ओव्हनच लागतो, आणि घासून उजळलेल्या पात्यावर फिकट गव्हाळ रंग चढला की ते मूठ बसवण्यास तयार होते.